वेड पांघरलेला नट : पीटर फॉकच्या अभिनयाचा मागोवा

नटाच्या कारकिर्दीची वाटणी करायची समीक्षेला जुनी खोड आहे. पोटापाण्याची कामे एका बाजूला, कलेची दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगाला लोकप्रियतेचे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे व्हायचे आणि दुसऱ्या ढिगावर लेख लिहायचे. पीटर फॉक या अमेरिकन नटाच्या बाबतीत ही वाटणी फारच सोपी होऊन बसली आहे. १९६८ ते २००३ या काळात, मधल्या मोठ्या खंडासह, तो दूरचित्रवाणीवर लेफ्टनंट कोलंबो हा लॉस एंजलिसचा पोलीस अधिकारी साकारत होता. एकूण एकोणसत्तर भाग. जगभरच्या प्रेक्षकांनी त्याला चुरगळलेल्या रेनकोटातच ओळखले. दुसरीकडे, कोलंबो ऐन भरात असताना त्याने जॉन कॅसाव्हेटिस आणि इलेन मे यांच्या मोजक्या चित्रपटांत कामे केली. हॉलिवुडच्या चाकोरीबाहेरच्या अमेरिकन चित्रपटाचा इतिहास लिहिणारे त्यांची आवर्जून नोंद घेतात. त्यामुळे सर्वसाधारण निष्कर्ष असा निघतो, की हा मोठ्या कुवतीचा नट मालिकेत अडकला. कोलंबोने त्याला पैसा आणि नाव दिले आणि त्या बदल्यात त्याची उमेदीची वर्षे घेतली.

हा निष्कर्ष मला पटत नाही. मालिकेचे सत्तरच्या दशकातले भाग आणि त्याच काळातले त्याचे चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होते. फॉकचे हत्यार एकच होते : चाचपडणे. शब्द न सापडणारा, वाक्य अर्धे सोडणारा, हातवाऱ्यांनी ते पुरे करणारा, समोरच्याच्या नजरेत थोडा कमीच भरणारा माणूस. मालिकेत हे चाचपडणे म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाण्याची युक्ती आहे. पांघरुणाखाली पूर्ण शुद्धीवर असलेली बुद्धी आहे. कॅसाव्हेटिसच्या चित्रपटात तेच चाचपडणे खरे आहे, त्याच्याखाली दुसरे काही नाही. आणि इलेन मेच्या चित्रपटात त्याखाली जे आहे ते पाहून कोलंबोकडे पुन्हा वळून पाहावे लागते. हे तिन्ही टप्पे एकाच शोधाचे आहेत असे मला दाखवायचे आहे.

हार्टफर्डचा सरकारी नोकर

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७चा, न्यूयॉर्कमधला. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घराण्यातला हा मुलगा वाढला हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग या गावात. सिंग सिंग हा प्रसिद्ध तुरुंग याच गावात आहे. वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. तीन वर्षांचा असताना डोळ्याच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. शाळेत तो खेळांत पुढे होता. बेसबॉलच्या एका सामन्यात पंचाने त्याला बाद दिले, तेव्हा आपला काचेचा डोळा काढून पंचाच्या हातात देऊ केल्याची गोष्ट तो आयुष्यभर सांगत असे. ती त्याच्या स्वभावाची चांगली खूण आहे. ज्या उणिवेकडे लोक चोरून पाहतात, ती आपणच उचलून समोर धरायची आणि समोरच्याची पंचाईत करायची, हे त्याला पोरवयातच कळले होते.

डोळ्यामुळे सैन्याचे दार बंद झाले. मग तो व्यापारी जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला. परत येऊन शिकला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधून पदवी, १९५३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून सार्वजनिक प्रशासनाची पदव्युत्तर पदवी. त्यानंतर कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात, हार्टफर्ड शहरात, तो नोकरीला लागला. काम होते इतर खात्यांची कार्यक्षमता तपासण्याचे. पहिल्याच दिवशी आपल्याला कचेरीची इमारत सापडली नाही, असे हा कार्यक्षमतेचा तज्ज्ञ पुढे हसत हसत सांगायचा.

नोकरी सांभाळून तो हौशी नाटके करी. आठवड्यातून एकदा मोटारीने वेस्टपोर्टला जाऊन ईव्हा ल गॅलियन या नामवंत अभिनेत्रीच्या वर्गात बसे. तो वर्ग व्यावसायिक नटांसाठी होता. हा खोटे सांगून आत शिरला होता. रोज उशीर का होतो असे बाईंनी विचारल्यावर त्याला खरे सांगावे लागले, की मी नट नाही, हार्टफर्डहून येतो. मग तू नट व्हायला हवेस, असे त्या म्हणाल्या आणि त्याने राजीनामा दिला. साल १९५६. वय अठ्ठावीस.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'सर्कल इन द स्क्वेअर' रंगमंचावर यूजीन ओनीलच्या 'द आइसमन कमेथ'चा गाजलेला प्रयोग उभा राहिला. जेसन रोबार्ड्स मुख्य भूमिकेत होता आणि फॉक दारूच्या गुत्त्यातल्या नोकराच्या. चित्रपटाची वाट मात्र सोपी नव्हती. कोलंबिया कंपनीचा प्रमुख हॅरी कोन याने, एवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळेल, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याला वाटेला लावले होते. पण 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' (१९६०) या चित्रपटातल्या मारेकऱ्याच्या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले, आणि लगेच पुढच्या वर्षी फ्रँक काप्राच्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी दुसरे.

या चरित्रातला आपल्या कामाचा भाग कोणता? फॉक अभिनयाकडे उशिरा आला आणि कचेरीतून आला. टेबलापलीकडे बसून प्रश्न विचारणारा सरकारी माणूस, त्याच्या खिशातले कागद, त्याची चुकीच्या वेळची हजेरी, साहेबापुढची अदब, हे त्याला कुठल्या नाट्यशाळेत शिकावे लागले नाही. ते त्याने पगार घेऊन पाहिले होते.

दारातून परत येणारा

कोलंबो हे पात्र फॉकचे नव्हे. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या शाळेपासून मित्र असलेल्या लेखकद्वयाचे ते. १९६० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका तासाभराच्या नाटकात ते प्रथम आले, तेव्हा बर्ट फ्रीडने ते केले. १९६२ मध्ये त्याचे रंगमंचीय नाटक झाले, 'प्रिस्क्रिप्शन : मर्डर'. त्यात थॉमस मिचेल हा वयस्कर नट होता. या नाटकावरून १९६८ मध्ये दूरचित्रवाणीपट करायचे ठरले, तेव्हा बिंग क्रॉस्बीला विचारले गेले आणि त्याने नकार दिला. भूमिका चाळिशीच्या फॉककडे आली.

लेखकांनी आपली प्रेरणा लपवली नाही. दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला पोर्फिरी पेत्रोविच हा तपास अधिकारी कोलंबोचा पूर्वज आहे. तोही असंबद्ध बोलतो, उगाच हसतो आणि रास्कोल्निकोव्हला आपल्या बडबडीत गुरफटून टाकतो. कथेचा साचा मात्र आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने 'द सिंगिंग बोन' (१९१२) या संग्रहात घडवलेला : उलटी रहस्यकथा. खून कुणी केला हे वाचकाला आधीच दाखवायचे आणि तो उघड कसा होतो एवढेच कुतूहलासाठी शिल्लक ठेवायचे.

या साच्याने नटावर मोठीच जबाबदारी टाकली. नेहमीच्या रहस्यकथेत प्रेक्षकाचे लक्ष गुन्हेगार कोण यात गुंतलेले असते. गुप्तहेर ओबडधोबड साकारला तरी चालून जाते. इथे रहस्यच नाही. मग प्रेक्षकाने पाहायचे काय? दोन माणसांचे बोलणे. खुनी कोण हे आपल्याला ठाऊक आहे. कोलंबोला ते कधी कळले, हे मात्र सांगितले जात नाही. खरे रहस्य गुन्ह्यातून निघून लेफ्टनंटच्या चेहऱ्यात जाऊन बसलेले असते. फॉकचा चेहरा या कामी विलक्षण उपयोगी पडला. एक डोळा हलतो, दुसरा स्थिर राहतो. त्यामुळे तो पाहतोय कुठे, हे समोरच्याला कधी नीट कळत नाही. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून पाहण्याची त्याची सवय शरीराच्या गरजेतून आलेली होती. तिचेच पुढे शैलीत रूपांतर झाले.

१९६८चा पहिला दूरचित्रवाणीपट आज पाहिला तर गंमत वाटते. यातला कोलंबो बराच नीटनेटका आहे. केस कापलेले आहेत, बोलणे धारदार आहे. खुनी आहे एक मनोविकारतज्ज्ञ, त्याची साथीदार एक तरुण अभिनेत्री. तिला कोलंबो एका प्रसंगात अक्षरशः झोडपून काढतो. ती रडेपर्यंत आवाज चढवतो. पुढच्या भागांत हा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. १९७१ मध्ये एनबीसी वाहिनीवर मालिका नियमित सुरू झाली तोवर पात्र बदलले होते. त्या पहिल्या नियमित भागाचा दिग्दर्शक होता पंचविशीही न गाठलेला स्टीव्हन स्पीलबर्ग. काही वर्षांपूर्वी पावसात सापडल्यावर फॉकने पंधरा डॉलरांना घेतलेला रेनकोट लेफ्टनंटच्या अंगावर चढला. स्टुडिओच्या आवारात पडलेली प्यूजो कंपनीची जुनी मोटार त्याने स्वतः निवडली. आवाज खाली आला, वाक्ये लांबली, खिसे चाचपणे वाढले. सहनटाला कल्पना न देता चित्रीकरणातच पेन्सिल मागायची, मध्येच विषय सोडून बुटांची किंमत विचारायची, असे तो करी. समोरच्या नटाचा खराखुरा वैताग कॅमेऱ्यात उतरे. खुन्याची भूमिका करणारा पाहुणा नट आणि खुनी यांची अशी एकाच वेळी पंचाईत होई.

'आणखी एकच गोष्ट' म्हणत दारातून परत येण्याची कोलंबोची लकब तर टाइपरायटरच्या कंटाळ्यातून जन्मली. लेव्हिन्सन आणि लिंक नाटक लिहीत असताना एक प्रवेश आखूड झाला. कोलंबो निघून गेलेला, आणि पानभर पुन्हा टाइप करायची इच्छा नाही. मग त्यांनी त्याला दारातूनच परत बोलावले. लेखकांच्या या पळवाटेला फॉकने अर्थ दिला. त्याचे वळणे नीट पाहावे. जाताना त्याचे खांदे पडलेले असतात, पाठ वाकलेली असते. त्यामुळे खुनी सैल होतो, सुटकेचा श्वास सोडतो. आणि फॉक वळतो तो नेमका त्या श्वासावर. कपाळावर हात, चेहऱ्यावर अपराधी भाव. प्रश्न किरकोळ असतो. घाव प्रश्नाचा नसतो, वेळेचा असतो.

तळघरातली दारू आणि गरिबाचा न्याय

कोलंबोच्या लोकप्रियतेचा उलगडा बहुतेक जण वर्गभेदातून करतात, आणि तो बरोबरच आहे. त्याचे खुनी शल्यविशारद, वाद्यवृंदाचे संचालक, लेखक, उद्योगपती, सेनाधिकारी असतात. त्यांची घरे टेकडीवर असतात. जुन्या मोटारीतून खडखडत येणारा हा पगारी माणूस त्यांच्या दिवाणखान्यात राख सांडतो आणि शेवटी त्यांना घेऊन जातो. प्रेक्षकाला यात न्याय मिळाल्याचे समाधान वाटते.

पण मालिकेचे चांगले भाग एवढ्यावर थांबत नाहीत. 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' (१९७३) या भागात डोनाल्ड प्लेझन्सने एड्रियन कार्सिनी हा द्राक्षमद्याचा कारखानदार साकारला आहे. दारूवर जीव टाकणारा हा रसिक, कारखाना विकायला निघालेल्या सावत्र भावाला मारतो. त्यासाठी त्याला थंड तळघराची यंत्रणा काही दिवस बंद ठेवावी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत बाहेर उष्णतेची लाट येते. कोलंबोला दारूतले काही कळत नसते. तो शिकतो, जाणकारांना विचारतो, टिपणे काढतो. शेवटी कार्सिनीच्याच तळघरातली बाटली तो त्याला जेवताना पाजतो. दारू उष्णतेने नासल्याचे ओळखून कार्सिनी संतापतो आणि स्वतःच्या चोखंदळ जिभेने स्वतःला पकडून देतो. तुरुंगाच्या वाटेवर कोलंबो मोटार थांबवून एक बाटली काढतो. दोघे पितात. तुम्ही चांगले शिकलात, अशी दाद कार्सिनी देतो. ती ऐकताना फॉकच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो त्यात पांघरूण कुठेच नाही. गुन्हेगार आणि पोलीस यांच्यात इथे गुरू-शिष्याचे नाते झालेले असते.

मला हा प्रसंग मालिकेचा गाभा वाटतो, कारण कोलंबोची बुद्धी ही जन्मजात प्रतिभा नाही हे त्यात दिसते. १९७७च्या एका भागात तर अतिबुद्धिमानांच्या मंडळाच्या सदस्यालाच तो हे सांगतो : शाळेत, सैन्यात मला नेहमी माझ्याहून हुशार माणसे भेटली; पण मी जास्त कष्ट केले, जास्त वाचले, डोळे उघडे ठेवले, तर आपलेही निभेल असे वाटले. रहस्यकथेत शेरलॉक होम्सपासून बुद्धीला ईश्वरी देणगी मानण्याची प्रथा आहे. फॉकचा लेफ्टनंट तिला मजुरीची प्रतिष्ठा देतो.

इथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. कोलंबो कितीही भाबडा दिसला तरी तो राज्यसत्तेचा माणूस आहे. तो वॉरंटशिवाय घरात वावरतो, खोटे बोलतो, सापळे रचतो, मागे लागून माणसाला जेरीस आणतो. खुनी कोण हे आपल्याला आधीच माहीत असल्याने या वागण्याचा हिशेब आपण मागत नाही. त्याचा संशय निरपराधावर बसून राहिला असता तर? पोलीस नेहमी बरोबरच असतो, आणि त्याचे सावज नेहमी श्रीमंतच असते, ही सोय खऱ्या शहरात नसते. हा आक्षेप खरा आहे, आणि मालिकेच्या आत त्याला पुरेसे उत्तर नाही. मात्र फॉकच्या कामात ते आहे, मालिकेबाहेर.

नळाच्या खात्यातला नवरा

कॅसाव्हेटिसच्या 'हजबंड्स' (१९७०) मध्ये त्याने काम केले. मित्राच्या मृत्यूने सैरभैर झालेल्या तीन मध्यमवयीन पुरुषांपैकी एक तो, दुसरा बेन गझारा, तिसरा स्वतः कॅसाव्हेटिस. दिग्दर्शकाची पद्धत पाहून फॉक गोंधळला होता. काय करायचे ते हा माणूस सांगतच नाही, ही त्याची तक्रार होती. पण मैत्री जमली. कॅसाव्हेटिस १९७२ मध्ये कोलंबोच्या एका भागात खुनी संगीतसंचालक होऊन आला आणि पुढच्या चित्रपटासाठी फॉकने स्वतःच्या खिशातून पाच लाख डॉलर घातले. म्हणजे मालिकेच्या कमाईच्या काळातच हा पैसा कॅसाव्हेटिसच्या चित्रपटात गेला. 'पोटापाण्याचे' आणि 'कलेचे' ही वाटणी हिशेबाच्या वहीतही टिकत नाही ती अशी.

तो चित्रपट 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४). जीना रोलंड्सची मेबल हे अमेरिकन चित्रपटातल्या थोर कामांपैकी एक आहे. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे तिच्या नवऱ्याकडे, निक लाँगेटीकडे, थोडे दुर्लक्ष झाले. निक शहराच्या दुरुस्ती पथकाचा मुकादम आहे. बायकोसोबत रात्र घालवायची असे ठरलेले असताना पाण्याची मोठी नळवाहिनी फुटते आणि तो येऊ शकत नाही. सकाळी अख्खी टोळी घेऊन तो घरी येतो. मेबल सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते. गप्पा होतात, गाणी होतात. मग ती एका पाहुण्याला नाचायला उठवू पाहते, जरा जास्तच जवळ जाते, आणि निक तिच्यावर ओरडतो. टेबल गप्प होते. माणसे एकेक करून उठतात.

कोलंबोच्या डोळ्याने हा प्रसंग पाहावा. तोच माणूस आहे : तसेच हातवारे, तसाच बसका आवाज, तीच अर्धी वाक्ये. पण कोलंबोला खोलीतल्या प्रत्येकाचे मन वाचता येते, निकला कुणाचेच येत नाही. कोलंबो दुबळेपणाच्या पांघरुणाखाली ताकद लपवतो. निक दांडगाईच्या पांघरुणाखाली आपली घाबरगुंडी लपवतो. माझी बायको वेडी नाही, जरा वेगळी आहे, असे तो सोबत्यांना बजावतो. त्याचे तिच्यावर प्रेम आहे आणि तिला समजून घेण्याची काडीचीही कुवत त्याच्यात नाही. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी पूर्ण खऱ्या असू शकतात, हे फॉक इतक्या साधेपणाने दाखवतो की निकचा राग करणेही अवघड होते.

मेबलला सहा महिने मनोरुग्णालयात पाठवल्यावर तो मुलांना शाळेतून उचलून समुद्रावर नेतो. मजा करायची असे त्याने ठरवलेले असते. वाळूत ती काही केल्या होत नाही. परतताना ट्रकमध्ये तो लहानग्यांना बिअरचे घोट देतो. बाप म्हणून हे भयंकर आहे. फॉक मात्र ते प्रेमाची एकमेव माहीत असलेली रीत म्हणून करतो. मेबल परत येणार त्या दिवशी तर तो घरभर पाहुणे गोळा करतो. मग आई रागावते म्हणून त्यांना हाकलावे लागते. तो आल्या-आल्या तिला सांगत राहतो, की तू जशी होतीस तशी हो. आज्ञा देऊन माणूस मोकळा होत नाही, हे त्याला कळत नाही. तिचा तोल जातो, तो तिला मारतो, मुले मध्ये पडतात. आणि मग सगळे ओसरल्यावर तो तिचा जखमी हात धुतो, पट्टी बांधतो. दोघे टेबल आवरतात, अंथरूण घालतात. कुणी कुणाची क्षमा मागत नाही. एकीकडे खरे वेड, दुसरीकडे शहाणपणाचे उसने अवसान, आणि मध्ये आवरायचा पसारा. वेड पांघरण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हते, तो नट त्याच काळात खऱ्या वेडापुढे हतबल उभ्या राहिलेल्या माणसाचे काम करत होता.

मित्र

इलेन मेचा 'मायकी अँड निकी' १९७३ मध्ये चित्रित झाला. संकलन आणि स्टुडिओशी चाललेले वाद यांत तीन वर्षे गेली आणि तो डिसेंबर १९७६ मध्ये पडद्यावर आला. तेव्हा फारसा कुणी पाहिला नाही. निकी (कॅसाव्हेटिस) हा फुटकळ गुंड आपल्याच टोळीचे पैसे खाऊन फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात दडून बसला आहे. मारेकरी मागे आहेत. तो लहानपणच्या मित्राला, मायकीला, बोलावतो. फॉकचा मायकी येतो, त्याला समजावतो, त्याच्या पोटाच्या व्रणावर औषध देतो, दूध-साय मिळवण्यासाठी खानावळीतल्या माणसाच्या अंगावर धावून जातो. किती जिवाभावाचा मित्र! आणि मग आपल्याला कळते की मायकीच मारेकऱ्याला ठावठिकाणा कळवतो आहे.

एरवी कोलंबोत आपण ज्यावर खूश होतो ते सारे इथे आहे : अघळपघळ आपुलकी, काळजीचे प्रश्न, घरच्या माणसांचे किस्से, समोरच्याला सैल करणे आणि त्याला हळूहळू सापळ्याकडे नेणे. फक्त बाजू बदलली आहे. सावज आता टेकडीवरचा श्रीमंत नाही. सोबत वाढलेला, घाबरलेला माणूस आहे. आणि मायकीची माया खोटीही नाही, हे सर्वांत भीषण. रागाच्या भरात निकी त्याचे वडिलांकडून आलेले घड्याळ फोडतो तेव्हा फॉकचा चेहरा लहान मुलासारखा होतो. शेवटी निकी मायकीच्या घराचे दार बडवत असतो आणि मायकी आतून दाराला सामान लावत असतो. दारातून पुन:पुन्हा परत येणाऱ्या लेफ्टनंटचा नट इथे बंद दाराच्या आत उभा आहे. कोलंबोच्या गोडव्यातल्या सत्तेबद्दलचा जो आक्षेप वर नोंदवला, त्याचे उत्तर मला या दारापाशी सापडते. जवळीक हे हत्यार आहे आणि ते कुणावरही चालते, हे फॉकला ठाऊक होते.

उतार आणि शेवट

पुढचा काळ थोडक्यात. १९७८ मध्ये एनबीसीवरची मालिका थांबली. १९८९ मध्ये एबीसी वाहिनीने ती पुन्हा सुरू केली आणि २००३ पर्यंत आणखी चोवीस भाग निघाले. त्यांतले बरेचसे कमजोर आहेत, हे चाहत्यांनीही मान्य करावे. हातवारे उरले, त्यांच्यामागची निकड ओसरली. लकब पुढे येऊन माणूस मागे राहिला. त्याला मिळालेल्या पाच एमी पुरस्कारांपैकी चार कोलंबोसाठीचे आहेत, आणि त्यातला एक या दुसऱ्या पर्वातला. पुरस्कारांवरून फार काही ठरवू नये ते यासाठीच.

मात्र १९८७ मध्ये विम वेंडर्सने 'विंग्ज ऑफ डिझायर' या जर्मन चित्रपटात त्याच्यासाठी अपूर्व जागा शोधली. बर्लिनवर अदृश्य देवदूत फिरत असतात, माणसांचे विचार ऐकत असतात. तिथे चित्रीकरणासाठी पीटर फॉक नावाचा अमेरिकन नट आला आहे. रस्त्यावरची पोरे त्याला कोलंबो म्हणून हाक मारतात. फावल्या वेळात तो चित्रे काढतो. खऱ्या आयुष्यातही फॉक कोळशाने उत्तम रेखाटने करी. आणि हा नट एकेकाळचा देवदूत निघतो. देवदूतपण सोडून तो माणूस झाला आहे. रस्त्याकडेच्या टपरीवर उभा राहून तो न दिसणाऱ्या देवदूताशी बोलतो : थंडीत हात चोळणे, गरम कॉफी, कागदावर ओढलेली रेघ, किती छान असते म्हणून सांगतो. तो समोरच्याला पाहू शकत नाही, पण तिथे कुणीतरी आहे हे त्याला जाणवते. न दिसणाऱ्याची चाहूल लागणे, हेच कोलंबोचेही काम होते. वेंडर्सने त्यातून फक्त गुन्हा वजा केला.

अखेरच्या वर्षांत फॉकला स्मृतिभ्रंशाने गाठले. २००९ मध्ये त्याच्या देखभालीचा वाद मुलगी आणि पत्नी यांच्यात न्यायालयात गेला. आपण कोलंबोचे काम केले हेही त्याला आता आठवत नाही, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली. २३ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्समध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला. आजारी आईवडिलांना भेटण्याचा, त्यांच्या प्रकृतीची खबर मिळण्याचा मुलांचा हक्क सांगणारे कायदे नंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांत झाले. ते त्याच्याच नावाने ओळखले जातात.

हे वाचताना 'फरगॉटन लेडी' (१९७५) हा भाग आठवल्यावाचून राहत नाही. जॅनेट लीची ग्रेस व्हीलर ही विस्मृतीत गेलेली नटी नवऱ्याचा खून करते. ती मेंदूच्या असाध्य आजाराने मरणपंथाला लागलेली आहे आणि आपण काय केले हे तिला आठवतच नाही. ती स्वतःचे जुने चित्रपट लावून पाहत बसते. तिचा जुना सहनट गुन्हा आपल्या अंगावर घेतो. तो कबुलीजबाब टिकणार नाही, हे कोलंबोला ठाऊक आहे. पण तो खोटा ठरेतो काही महिने जातील आणि तेवढे तिला पुरतील. कोलंबो मान डोलावतो. एकोणसत्तर भागांतला सर्वांत हट्टी पाठलाग तो इथे सोडून देतो.

त्या मान डोलावण्यात फॉक कोणतीही लकब वापरत नाही. कपाळाला हात लावत नाही, खिसे चाचपत नाही, दारातून परत येत नाही. पेडगावला जाऊ निघालेला माणूस वाटेत पांघरूण उतरवून ठेवतो आणि कुणाच्या तरी दुःखापाशी बसतो. निकच्या हाताने मेबलची जखम धुणारा नट आणि हा नट एकच आहे. त्याची कामे दोन ढिगांत वाटणाऱ्यांनी हे दोन प्रसंग लागोपाठ पाहावेत आणि कोणता कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवावे.